हवेचा जागल्या

बैसाणे नाना जेवायला बसले की त्यांचा पहिला घास कधी वेळेवर तोंडात जात नसे. आमच्या जळगावच्या कॉलनीत एका वास्तुशांतीला मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. अंगणात भरीत-पुरीची पंगत बसली होती. भरिताच्या वासाने माणसं वाढपी पुढे सरकायच्या आत तुटून पडत होती, आणि पांढऱ्या सफारीतला एक उंच म्हातारा हातात घास तसाच धरून, मान लांब करून पंगतीच्या टोकाकडे बघत होता. यजमान घाबरले. भरितात काही निघालं की काय, असं त्यांना वाटलं असावं. "नाना, घ्या ना, सुरू करा," ते म्हणाले. म्हातारा दोन सेकंद गप्प राहिला आणि मग त्याने विचारलं, "शेवटलाले भेटनं का?"

शेवटच्याला मिळालं का? शेवटचा म्हणजे मंडपाच्या खांबाला टेकून बसलेला टेम्पोचा ड्रायव्हर. त्याच्या पत्रावळीवर खरोखरच काही आलेलं नव्हतं. धावपळ झाली, पुरी आली, भरीत आलं, आणि मग नाना जेवायला लागले. माझं जेवण तोवर अर्धं झालं होतं, त्यामुळे मला उगीच अपराधी वाटलं. पुढे नानांच्या शेजारात हे उगीच अपराधी वाटणं माझ्या अंगवळणीच पडलं.

नाना सरकारच्या वायरलेस खात्यातून निवृत्त झाले होते. उभी नोकरी कानाला हेडफोन लावून हवेत कोण काय बोलतंय ते ऐकण्यात गेली. बोलणं काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ज्याला जी पट्टी नेमून दिली आहे तो तिच्यातच बोलतोय ना, एवढंच बघायचं. विमानाच्या पट्टीत कुणी घुसलं, पोलिसांच्या पट्टीत कुणा हौशी माणसाची खरखर आली, की त्याचा माग काढायचा. या नोकरीने त्यांना दोन सवयी दिल्या. कुणीही काही विचारलं की दोन सेकंद थांबायचं, समोरच्याचं संपलंय याची खात्री करायची. आणि आपलं संपलं की "ओव्हर" म्हणायचं. भाजीवालीलासुद्धा. "अर्धा किलो गिलके. ओव्हर."

त्यांच्या पत्नी शांताक्का धरणगावच्या. त्यांनी चाळीस वर्षं हे ओव्हर ऐकलं होतं आणि त्या मुळीच दबल्या नव्हत्या. "यास्ले हवा दिखस वं बाई," त्या मला म्हणायच्या, "डबामानं तेल सरनं ते दिखत नही." नाना दोन सेकंद थांबायचे, आणि पिशवी घेऊन तेल आणायला निघायचे.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती शुद्धलेखनामुळे. मी शाळेत मराठी शिकवते. एके दिवशी नाना एक जाड लिफाफा घेऊन आले आणि म्हणाले, "माय, हाई जरा तपासी दे." ते मला पहिल्या दिवसापासून 'माय'च म्हणायचे. लिफाफ्यात सरकारला लिहिलेलं पत्र होतं. मोबाइल कंपन्यांना हवेतल्या लहरी कशा वाटून द्याव्यात, यावर सरकार मधूनमधून लोकांच्या सूचना मागवतं. मला हे ठाऊकच नव्हतं. माझी अशी समजूत आहे की सबंध खान्देशात हे एकट्या नानांनाच ठाऊक होतं, आणि आपल्या पत्राची तिकडे वाट बघत असतात यावर त्यांचा गाढ विश्वास होता. पोच आली की ते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फायलीला लावायचे. पोचेवर 'आपले पत्र मिळाले' याखेरीज काही नसायचं, पण ते ती दाखवायला यायचे.

पत्रात नकाशा होता. मला वाटलं टॉवरचा असेल. तो निघाला शेताचा.

नानांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेतांना पाळीने पाणी. पाणी एकाचं नाही, सगळ्या फडाचं. पाणी सोडणारा पाटकरी असतो आणि राखण करणारा जागल्या. नानांचे वडील जागल्या होते. स्वतःची वीतभर जमीन नाही. हंगामाला मिळतील त्या पेंढ्यांवर घर चालायचं. पण पाणी पाटाच्या टोकाला पोचलं की ते शेवटच्या शेतातला ओल्या मातीचा गोळा उचलून तळहातावर घेऊन वरपर्यंत चालत यायचे आणि पहिल्या शेताच्या मालकाला दाखवायचे. गोळा बघितल्याशिवाय त्या मालकाची दुसरी पाळी सुरू होत नसे. "मोठमोठा पाटील वाट दखेत," नाना सांगायचे, "मन्हा बापना हातमाना गारानी." गारा म्हणजे चिखल. हे सांगताना ते स्वतःचा तळहात पुढे धरायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे.

तर नानांच्या मते हवा म्हणजे फड. "पांझरेनं पानी तेवढंच व्हतं, पन वावरं बी तेवढीच व्हती. म्हनीसन निभनं," ते म्हणायचे. "आते हवा तेवढीच शे, आनि वावरं रोज वाढतस." पूर्वी या लहरी वापरायचं कोण? पोलीस, विमानं, आकाशवाणी. आता प्रत्येक खिशात फोन, मनगटावर घड्याळ, दारावर कॅमेरा. पाणीपुरीच्या गाडीवर पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा असतो, त्यालाही हवेतली ओंजळभर जागा लागते. सगळे एकदम बोलले की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सरकारने पट्ट्या पाडायच्या. काही पट्ट्या पोलिसांना आणि विमानांना राखून. काही लिलावात कंपन्यांना. आणि थोडी हवा गायरानासारखी सगळ्यांना मोकळी, तिच्यात आपलं घरातलं वायफाय चरतं. हे गायरान वाढवा, असं एका पत्रात त्यांनी सविस्तर मांडलं होतं. शब्द 'गायरान' हाच. दिल्लीत तो कुणी कसा वाचला असेल, याची कल्पना करून मी एकटीच हसले होते.

लिलावाला त्यांचा विरोध नव्हता. ज्याला पीक काढायचंय त्याने मोल द्यावं, हे त्यांना मान्य होतं. पण अट हवी. "पहिलाले दुसरी पाळी कव्हय? शेवटलानं वावर भिजनं का तव्हय." कंपनीने शहरात नवी, वेगवान सेवा खुशाल आणावी. पण आधी तिच्या पाटाच्या टोकाच्या गावात साधा फोन लागला पाहिजे, आणि तो लागल्याचा पुरावा कुणीतरी हातात घेऊन आला पाहिजे. आता इंटरनेट थेट आभाळातून उपग्रहावरून येणार आणि त्या लहरी लिलावाने द्यायच्या की नुसत्या नेमून द्यायच्या यावर वाद चाललाय, हे वाचून ते आठ दिवस अस्वस्थ होते. आभाळातल्या पाटाचं टोक कुठे असतं, ते त्यांना ठरवता येईना.

पत्राच्या शेवटी ठळक अक्षरात एक ओळ होती: 'शेवटलाले भेटनं का?' मी लाल पेनाने ती खोडून 'शेवटच्याला मिळाले का?' असं केलं. नानांनी कागद लांब धरून वाचला, दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "तुन्हा 'मिळाले'मा भेट नही ये." मी त्यांना समजावलं की सरकारी पत्रात प्रमाण भाषा लागते. ते मुकाट्याने पत्र घेऊन गेले. माझी दुरुस्ती त्यांनी स्वीकारली, पण ती ओळ तेवढी पेन्सिलने लिहिली. मला तेव्हा त्यांच्या हट्टाचं हसू आलं होतं.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही.

आमच्या घरासमोर एक उंच इमारत उभी राहिली आणि आमची रेंज गेली. पुण्याहून लेक व्हिडिओ कॉल करायची आणि तिचा चेहरा नेमका तोंड उघडं असताना थांबायचा. यांनी कुठल्याशा दुकानातून एक पांढरा डबा आणून गच्चीवर बसवला. बूस्टर. दुकानदार म्हणे, सगळ्या कंपन्यांना चालतो. आणि खरंच, फोनवरच्या सगळ्या दांड्या भरल्या. लेकीचं तोंड उघडलं की मिटूही लागलं. त्याच सुमाराला कॉलनीत मात्र लोकांचे फोन मध्येच तुटायला लागले. कॉलनीच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस. आपली रेंज चांगली असताना गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून मीही कंपनीला चार शब्द सुनावले.

कॉलनी संपते तिथे नाल्यापलीकडे रघुनाथ गवंड्याचं पत्र्याचं घर आहे. त्यापुढे नुसती कपाशी. रघुनाथची मुलगी सुनीता दोंडाईच्याहून बाळंतपणाला आली होती. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. घरात फक्त तिची आई, कलाबाई. तिने ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तेच. शेवटी ती माउली उन्हात रस्त्यापर्यंत धावली आणि एक रिक्षा आडवी केली. बाळ दवाखान्याच्या दारातच जन्मलं. दोघं सुखरूप होते, म्हणून हे मी लिहू तरी शकते आहे.

नानांना हे विहारात रविवारच्या वंदनेनंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ते गल्लीबोळांतून फिरताना दिसले. डोक्यावर टोपी, गळ्यात रेडिओसारखी पेटी, कानाला हेडफोन आणि हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा तुकडा. चार पावलं चालायचे, अँटेना गोल फिरवायचे, वहीत काहीतरी टिपायचे. बायकांना वाटलं, नाना पाणी बघायला लागले. दोघींनी आपल्या बोअरची जागा विचारूनही घेतली. मी दारात उभी राहून म्हटलं, "नाना, आमच्याकडे किती फुटांवर लागेल?" ते दोन सेकंद थांबले. अँटेना माझ्याकडे वळली होती.

"गच्चीवर," ते म्हणाले.

गच्चीवर त्यांनी डब्याकडे बघितलं आणि शाळेच्या मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. टॉवरला सगळ्यांचं ऐकायचं असतं. माझा डबा त्याच्या कानाशी सारखा ओरडत होता. टॉवरजवळच्या घरांचे फोन त्या गोंगाटातही आपलं म्हणणं पोचवत होते. जो लांब आहे, त्याचा आवाज मुळातच बारीक. तो बुडाला. सगळ्यांत लांब होतं रघुनाथचं घर.

मी म्हटलं, "नाना, तुम्हीच काढा हो तो. आत्ता काढा."

"मी हात लावाव नही. पाट जेनी फोडा, तेनीच बुजाना." फडावर चोरून पाणी तोडणाऱ्याला दोन गोष्टी कराव्या लागत, असं ते म्हणाले. फोडलेला पाट स्वतःच्या हाताने बुजवायचा, आणि टोकाच्या शेतकऱ्याला जाऊन भेटायचं. मी डबा स्वतः उतरवला. आणि दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस रोज संध्याकाळी शाळेतून परस्पर रघुनाथच्या घरी गेले. दारात उभं राहून नानांना फोन लावायचा. "ऐकू येतंय का नाना?" "येतंय. ओव्हर." कलाबाई चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत असायची. एकदा मी फोन तिच्यापुढे केला, "तूही बोल की." तिने दोन्ही हात मागे घेतले. "माले नको बाई. माले नही जमत." लाजते आहे, असं मी धरून चालले. आठव्या दिवशी मी माझी शिक्षा संपली असं जाहीर केलं. डब्याबद्दल मी तिथे अवाक्षर काढलं नाही. नानांनीही कॉलनीत कुणाला सांगितलं नाही की डबा कुणाच्या गच्चीवर होता. मी त्यांची फार आभारी होते.

त्यानंतर नाना भेटले की आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे. रस्त्यात, दुकानात, पत्र तपासायला आले की जाताना. फक्त ते जरा वेगळं ऐकू यायचं. "शेवटलाले भेटनी का, माय?" 'भेटनं'चं 'भेटनी' झालेलं. मी माहेरची असोद्याची. आमच्या बाजूची बोली निराळी, आम्ही 'भेटलं' म्हणणारी माणसं. शिवाय नानांनी नुकतीच नवी कवळी बसवली होती. कवळीने म्हाताऱ्याचा अनुस्वार घसरला, असं मी ठरवून टाकलं, आणि "भेटलं नाना, सगळ्यांना भेटलं," म्हणून हसून पुढे जायची. ते दोन सेकंद थांबायचे. ओव्हर म्हणायचे नाहीत. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लिंगाच्या चुकांखाली लाल रेघा मारणारी मी. खरं सांगायचं तर एखाद्या दिवशी मनात काहीतरी टोचायचं. पण कवळीचं कारण सोयीचं होतं.

दीड वर्ष असं गेलं. या हिवाळ्यात नाना गेले. सकाळचा चहा पिऊन फाइल लावत बसले होते, तसेच खुर्चीत मान टाकून गेले. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, माणसं बोलली, जेवणं झाली. सगळे गेल्यावर मी शांताक्कांपाशी बसले. रडता रडता मला हसू आलं, म्हणून मी त्यांना कवळीची गोष्ट सांगितली. म्हटलं, नानांचं 'भेटनं' शेवटी शेवटी 'भेटनी' व्हायचं, आठवतं का?

शांताक्का हसल्या नाहीत. "नही वं. पंगतमा त्या 'भेटनं'च म्हनेत. तुले एकलीले 'भेटनी' म्हनेत." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "शेवटलोंग म्हनेत, ती पोर आजून भेटनी नही."

पोर म्हणजे मी. शेवटच्याला मिळालं का, असं ते मला कधी विचारतच नव्हते. तू शेवटच्याला भेटलीस का, असं विचारत होते. माझ्या 'मिळाले'त भेट येत नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिथे बसल्या बसल्या इतकी शरमले की शांताक्कांनीच मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर नाला ओलांडला. कलाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी बसले आणि सगळं सांगितलं. डबा आमचा होता, आमच्या गच्चीवर होता, त्या दुपारी तुझा फोन माझ्यामुळे तुटला. सांगताना मी दुसरीकडे बघत होते. संपलं तेव्हा सूप थांबलेलं होतं.

कलाबाईने सूप मांडीवर टेकवलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेणार होते. मग तिने हळू विचारलं, "म्हंजे मी नंबर बरोबर लावा व्हता?"

"बरोबर लावला होतास. तिन्ही वेळा."

"बठ्ठा माले म्हनेत, तुले येळवर एक फोन लावता उना नही." ती सुपातल्या तुरीकडे बघत होती. "पोरना बाप म्हने. जवाई म्हने. मंग मी फोनले हातच लावा नही."

दीड वर्ष सगळ्यांचा हा ठपका, वेळेवर एक फोन लावता आला नाही म्हणून. सुनीता दोंडाईच्याला, नात तिकडे चालायला लागलेली, आणि रघुनाथ कामावरून येऊन फोन लावून देईल तेव्हाच ही आपल्या लेकीशी बोलायची. आठ दिवस मी हिच्या दारात उभी राहून रेंज मोजली होती, आणि ही हात मागे घेऊन बसली होती. माझ्याकडून नुसतं "चुकले" एवढंच बाहेर पडलं.

कलाबाई उठली. आत जाऊन फळीवरच्या डब्यामागून फोन काढून आणला, पदराने पुसला. मी हात पुढे केला, "दे, मी लावते." तिने मान हलवली. "थांबा बाई. मीच लावस."

एक एक आकडा ती जपून दाबत गेली. फोन कानाला लावून कपाशीकडे तोंड करून उभी राहिली. घंटी वाजत होती, मला ओट्यावर ऐकू येत होती. मग पलीकडून सुनीताचा चकित आवाज आला, "माय? तूच लावा का?"

मी चप्पल घालून नाल्यापर्यंत आले. तिथे थांबून दोन सेकंद जाऊ दिले.

"भेटनी, नाना," मी म्हटलं. "ओव्हर."